चित्रासमोर बसलेले घर
बालपुस्तकांतील विविधता आणि कलादालनातील कुटुंबकथन

चित्रे ही मजकुराची सजावट न राहता गोष्टीचा निम्मा भार उचलतात, अशा पुस्तकाला चित्रपुस्तक म्हणतात. अक्षरओळख नसलेले मूल असे पुस्तक दोन वाटांनी वाचते. शब्द ते मोठ्यांच्या तोंडून ऐकते आणि चित्रे स्वतःच्या डोळ्यांनी वाचते. चित्रपुस्तकाचा लहान वाचक म्हणूनच सहसा एकटा नसतो. त्याच्या शेजारी आई, आजोबा, मोठी बहीण असे कोणीतरी बसलेले असते. गेल्या काही दशकांत जगातील निरनिराळ्या कलादालनांनी व संग्रहालयांनी ही जोडी आपल्या भिंतींसमोर आणून बसवली. मुलांच्या पुस्तकांतील मूळ चित्रे मांडायची, त्यांच्यापुढे कुटुंबांना निवांत बसू द्यायचे आणि गोष्ट सांगण्या-ऐकण्याला वाव द्यायचा, असे या उपक्रमांचे स्वरूप असते.

अशा उपक्रमांत कोणती पुस्तके निवडावीत, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण चित्रात जे मूल कधीच दिसत नाही, त्याला चित्रासमोर बसवून काय साधणार, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे. त्यामुळे बालपुस्तकांतील विविधता आणि कलादालनातील कुटुंबकथन हे दोन विषय एकत्र पाहावे लागतात. गोव्यासारख्या बहुभाषी राज्यात तर ते पाहणे अधिकच अगत्याचे आहे.

पुस्तकात कोण दिसते?

या प्रश्नाला आकड्यांचा आधार प्रथम अमेरिकेत मिळाला. नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९६५ साली ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध केली. न्यूयॉर्कमधील एका बालवाडीतील पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीने पुस्तकातील मुले नेहमी गोरीच का असतात, असे विचारले होते. त्या विचारण्यापासून लॅरिक यांच्या लेखाची सुरुवात होते. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत ६३ प्रकाशकांनी काढलेली ५,२०६ बालपुस्तके त्यांनी विचारात घेतली. त्यांपैकी केवळ ३४९ पुस्तकांत, म्हणजे सरासरी ६.७ टक्के पुस्तकांत, एखादी तरी कृष्णवर्णीय व्यक्ती मजकुरात वा चित्रात आढळली.

त्याच काळात एका चित्रपुस्तकाने वेगळी वाट पाडली होती. एझ्रा जॅक कीट्स हे ब्रुकलिनमधील गरीब ज्यू स्थलांतरित कुटुंबात वाढलेले चित्रकार. १९४० साली ‘लाइफ’ साप्ताहिकात छापलेली एका लहान कृष्णवर्णीय मुलाची काही छायाचित्रे त्यांनी कापून ठेवली आणि सुमारे वीस वर्षे जपली. त्या मुलातूनच १९६२ साली ‘द स्नोई डे’ या पुस्तकातील पीटर जन्माला आला. लाल पोशाखातला पीटर बर्फात खेळतो, घरी येतो, झोपतो, गोष्ट एवढीच. त्यात वर्णाविषयी एक शब्दही नाही. १९६३ साली या पुस्तकाला अमेरिकेतील चित्रपुस्तकांसाठीचे मानाचे कॅल्डेकॉट पदक मिळाले. कृष्णवर्णीय मूल समस्येचे उदाहरण म्हणून न येता केवळ एक मूल म्हणून येऊ शकते, हे या पुस्तकाने दाखवून दिले.

एका पुस्तकाने मात्र चित्र पालटले नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बालपुस्तक केंद्राने १९८५ साली मोजदाद सुरू केली, तेव्हा त्या वर्षीच्या सुमारे २,५०० बालपुस्तकांपैकी केवळ १८ पुस्तके कृष्णवर्णीय लेखकांनी वा चित्रकारांनी निर्माण केलेली आढळली. ब्रिटनमध्ये अशी पाहणी होण्यास आणखी तीन दशके लागली. २०१७ साली तेथे प्रसिद्ध झालेल्या ९,११५ बालपुस्तकांपैकी ३९१ पुस्तकांतच कृष्णवर्णीय, आशियाई वा अन्य अल्पसंख्य वंशांतील पात्रे होती, आणि अशा मुलाला मुख्य पात्राचे स्थान देणारी पुस्तके अवघी एक टक्का होती.

आरसा, खिडकी आणि दार

अमेरिकेतील अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली या चर्चेला एक सुटसुटीत परिभाषा दिली. पुस्तक कधी आरसा असते, त्यात मुलाला आपले घर, आपला वर्ण, आपली माणसे दिसतात. कधी ते खिडकी असते, तिच्यातून दुसऱ्याचे घर दिसते. कधी ती खिडकी सरकत्या काचेच्या दारासारखी उघडते आणि मूल कल्पनेने त्या घरात पाऊल टाकते. बिशप यांच्या मांडणीतील महत्त्वाचा भाग असा की, तोटा एकाच बाजूचा नसतो. ज्याला आरसा मिळत नाही, त्याला आपले जगणे पुस्तकात येण्याच्या लायकीचे नाही असे वाटू लागते. आणि ज्याला केवळ आरसेच मिळतात, त्याला आपणच जगाच्या मध्यभागी आहोत असा भ्रम होतो.

भारतात हा प्रश्न केवळ वर्णाचा नाही. जात, जमात, धर्म, भाषा, शारीरिक वेगळेपण, आईबापांपैकी एकच असलेले घर, कामानिमित्त गाव सोडून आलेले घर अशा अनेक रेषांवर मुले पुस्तकाबाहेर राहतात. पाठ्यपुस्तकातील घरात आई स्वयंपाकघरात व बाबा वर्तमानपत्रासह खुर्चीत असतील, तर दोघेही पहाटे मजुरीला जाणाऱ्या घरातील मुलाने त्या चित्राचे काय करावे?

या उणिवेवर काही ठोस काम झाले आहे. हैदराबाद येथील ‘अन्वेषी’ या स्त्री-अभ्यास केंद्राने ‘डिफरंट टेल्स’ या मालिकेतून दलित, मुस्लिम व कष्टकरी घरांतील मुलांचे रोजचे जगणे गोष्टीत आणले. चेन्नईच्या ‘तूलिका’ प्रकाशनाने एकच चित्रपुस्तक मराठीसह अनेक भारतीय भाषांत काढण्याचा प्रघात पाडला. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ साली ‘स्टोरीवीव्हर’ हे मुक्त व्यासपीठ सुरू केले. तेथील गोष्टी कोणालाही विनामूल्य वाचता येतात, उतरवून घेता येतात आणि आपल्या भाषेत आणता येतात. मराठीत माधुरी पुरंदरे यांनी स्वतः लिहून, स्वतःच चित्रे काढून ‘राधाचं घर’, ‘यश’ यांसारख्या पुस्तकमालांतून साध्या घरातील साधी माणसे मुलांपुढे ठेवली. त्यांच्या बालसाहित्याला २०१६ साली पहिला ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार मिळाला.

पुस्तकात आदिवासी मूल दाखवणे ही एक पायरी झाली. आदिवासी चित्रकाराच्या हातून पुस्तक घडणे ही त्यापुढची. चेन्नईच्या ‘तारा बुक्स’ने ही पायरी ओलांडली. पालघर-ठाणे भागातील वारली चित्रकार रमेश हेंगाडी व शांताराम धडपे यांची चित्रे असलेले ‘डू!’ हे पुस्तक त्यांपैकी एक. मध्य प्रदेशातील गोंड चित्रकार भज्जू श्याम एका उपाहारगृहाच्या भिंती रंगवण्यासाठी लंडनला गेले आणि त्या प्रवासाचे त्यांनी ‘द लंडन जंगल बुक’ केले. त्यात लंडनचे प्रसिद्ध घड्याळ कोंबड्याशी एकरूप झाले आहे, कारण गावात वेळ सांगतो तो कोंबडा. भुयारी रेल्वे गांडूळ झाली आहे. येथे खिडकीची दिशाच बदलली. परक्याने आदिवासी पाड्याकडे पाहण्याऐवजी पाड्यावरच्या माणसाने लंडनकडे पाहिले.

मराठी वाचकाला अधिक जवळचे उदाहरण म्हणजे २०११ सालचे ‘भीमायन’. दुर्गाबाई व्याम व सुभाष व्याम या गोंड दांपत्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जीवन त्यात चितारले. शाळेत पाण्यासाठी झालेली कुचंबणा आणि मसूर स्थानकापासूनचा बैलगाडीचा प्रवास हे बाबासाहेबांच्या साताऱ्यातील बालपणीचे प्रसंग त्यात येतात. चित्रपट्टीच्या ठरावीक चौकटी या चित्रकारांनी नाकारल्या. मायेने बोललेल्या शब्दांभोवतीची आकृती पक्ष्याच्या आकाराची आहे आणि डंख मारणाऱ्या शब्दांना विंचवाची नांगी आहे. वाचता न येणाऱ्या मुलालाही कोण कसे बोलत आहे, हे कळते.

पुस्तकाच्या पानावरून भिंतीवर

पुस्तकातील चित्र कलादालनात गेले की दोन बदल होतात. छपाईत हरवलेला कागदाचा पोत, पाण्याचा ओघळ, कात्रणाची कड मुलाला दिसते आणि हे कोणीतरी हाताने केले आहे, हे उमगते. दुसरे असे की, मांडीवरचे चित्र एकाच कुटुंबाचे असते. भिंतीवरच्या चित्रासमोर अनोळखी कुटुंबेही एकत्र येतात.

चित्रपुस्तकांच्या कलेला वाहिलेले जगातील पहिले संग्रहालय म्हणून जपानमधील चिहिरो कला संग्रहालयाचा उल्लेख होतो. मुलांची जलरंगातील हळुवार चित्रे काढणाऱ्या चिहिरो इवासाकी १९७४ साली निवर्तल्या. त्यांच्या तोक्योतील घराच्या जागेवर १९७७ साली हे संग्रहालय उभे राहिले. येथे चित्रे नेहमीच्या उंचीपेक्षा खाली लावतात, म्हणजे मुलाला मान उंचावावी लागत नाही. मुलाच्या आयुष्यातील पहिले संग्रहालय आपले असावे, ही त्यामागची भूमिका. जपानमधील अशी संग्रहालये पाहून ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’चे कर्ते एरिक कार्ल व त्यांच्या पत्नी बार्बरा यांनी अमेरिकेतील अ‍ॅमहर्स्ट येथे २००२ साली चित्रपुस्तक-कला संग्रहालय उघडले. तेथे दालनांच्या जोडीला वाचनालय आहे आणि मुलांनी हात रंगवून घ्यावेत अशी कार्यशाळाही.

गोष्ट कशी उलगडते?

कलादालनातील कुटुंबकथन हे व्याख्यान नसते. त्याची पद्धत मुख्यतः दोन प्रवाहांतून आली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या शिक्षण विभागाचे प्रमुख राहिलेले फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ अ‍ॅबिगेल हाउसन यांनी चित्र पाहणाऱ्यांसाठी तीन साधे प्रश्न ठरवले. चित्रात काय चालले आहे? तसे कशावरून वाटते? आणखी काय सापडते? सांगणाऱ्याने उत्तर बरोबर की चूक हे ठरवायचे नाही. मुलाने बोट दाखवले त्या जागेकडे सर्वांचे लक्ष वळवायचे आणि त्याचे म्हणणे दुसऱ्याच्या म्हणण्याशी जोडायचे. कार्ल संग्रहालयात काम करताना मेगन डाउड लॅम्बर्ट यांनी हीच रीत पुस्तकवाचनात आणली. मुखपृष्ठ, आतली कोरी वा रंगीत पाने, पुस्तकाचा उभा-आडवा आकार यांविषयीही मुलांशी बोलत, वाचता वाचता थांबत पुस्तक उलगडायचे, असे त्यांच्या पद्धतीचे सूत्र आहे.

या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ अशा घरांना होतो, जेथे सांगणाऱ्याला वाचता येत नाही. अक्षरांचे पुस्तक हातात दिले की निरक्षर आजी मागे सरकते. नातवासमोर आपले अज्ञान उघडे पडेल, हा संकोच असतो. चित्रासमोर मात्र तिला कोणतीही लिपी आडवी येत नाही. चित्रातल्या मडक्यात काय असेल, पाऊस कोणत्या महिन्याचा असेल, बाई कोणाची वाट पाहत असेल, हे ती आपल्या बोलीत सांगू शकते. घरची भाषा ही कमी दर्जाची आणि शाळेची भाषा तेवढी खरी, असा समज मुलाच्या मनात रुजू लागलेला असतो त्याच वयात आजीची बोली एका प्रतिष्ठित जागी ऐकू येते. विविध बालपुस्तकांचे आणि कुटुंबकथनाचे काम येथे एकत्र येते. पुस्तक मुलाला गोष्टीत जागा देते आणि चित्र घरातल्या माणसाला सांगणाऱ्याची जागा परत देते.

यात अपुरेपणाही राहू शकतो. अमुक दिवशी एक ‘विविधतेचे’ पुस्तक वाचून दाखवले आणि एरवी कपाट जसेच्या तसे राहिले, तर तो केवळ देखावा होतो. वंचित समाजातील मूल दरवेळी दुःखाच्याच गोष्टीत दिसत राहिले, तर तेही एक प्रकारचे खोटे प्रतिबिंब असते. पीटरला बर्फात खेळू देणे जितके आवश्यक, तितकेच भीमाला पाणी नाकारल्याचे सांगणेही आवश्यक. दोन्ही पुस्तके एकाच कपाटात हवीत. शिवाय दालनाचे दार मुळात उघडे वाटायला हवे. शांततेची सक्ती, पहारेकऱ्याची नजर आणि न समजणाऱ्या भाषेतील नामफलक एवढ्यानेही एखादे कुटुंब उंबऱ्यावरून परत फिरते.

पिंगुळीची पोथी

चित्रासमोर बसून गोष्ट ऐकणे हे कोकणपट्टीला नवे नाही. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रांच्या साहाय्याने कथा सांगणाऱ्याचा उल्लेख येतो. त्या परंपरेचा जिवंत धागा गोव्याच्या सीमेपलीकडे, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावात आढळतो. तेथील ठाकर समाजातील कुटुंबे चित्रकथी ही कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आली. रामायण-महाभारतातील एकेका आख्यानाची चित्रे सुट्या कागदांवर काढलेली असतात. त्या संचाला पोथी म्हणतात. सांगणारा एकेक चित्र उचलून श्रोत्यांसमोर धरतो आणि वाद्यांच्या साथीने, गात व बोलत, आख्यान पुढे नेतो. सावंतवाडी संस्थानचा या कलेला आश्रय होता. चित्रकथीच्या जोडीने कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या हेही याच कुटुंबांचे वारसे.

पोथीत एक ओळही लिहिलेली नसली तरी चालते, कारण मजकूर सांगणाऱ्याच्या मुखात असतो. तो बापाकडून मुलाकडे गेला नाही, तर चित्रे उरतात आणि गोष्ट संपते. जुन्या चित्रकथींचे नमुने आज पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी जतन केलेले आहेत. हे जतन मोलाचे आहे. परंतु काचेमागच्या चित्राला उचलून धरणारा हात नसतो. पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचे रूपांतर ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ या संग्रहालयात केले. तेथे चित्रे व बाहुल्या मांडलेल्या आहेत आणि घरातील माणसे त्या उचलून खेळही सांगतात. २०२१ साली गंगावणे यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. तोक्यो आणि अ‍ॅमहर्स्ट येथे चित्र, दालन व सांगणारे घर यांची जी जुळणी योजनापूर्वक करावी लागली, ती पिंगुळीच्या गोठ्यात घरच्या घरी झाली.

गोव्यातील जागा

गोव्यात या कामाला लागणारी सामग्री विखुरलेली असली तरी हाताशी आहे. १८३२ साली स्थापन झालेले आणि सोळाव्या शतकातील मराठी ग्रंथकार कृष्णदास शामा यांचे नाव धारण करणारे पणजीचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय बालविभाग चालवते. ‘बुकवर्म’ हे ग्रंथालय २००५ पासून मुलांसाठी काम करीत असून पुस्तके घेऊन शाळा-वस्त्यांपर्यंत जाते. पिळर्ण येथील ‘म्युझियम ऑफ गोवा’ने २०१५ पासून समकालीन कला सामान्य कुटुंबांसमोर आणली आहे. मोरजीच्या मोरजाई मंदिरासारख्या ठिकाणी लाल काव व पांढरा चुना यांतून साकारलेली कावी चित्रे आहेत. ती पाहण्यासाठी तर दालनाचीही गरज नाही.

आरशाच्या दृष्टीने गोव्यातील सर्वांत बोलके उदाहरण आंजेलो द फोन्सेका यांचे आहे. १९०२ साली सांत इस्तेव्हच्या ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या या चित्रकाराने शांतिनिकेतनात बंगाल शैलीचे संस्कार घेतले आणि मरिया मातेला साडी नेसवली, तिला येथल्या बाईचा वर्ण व चेहरा दिला. युरोपीय चेहऱ्याच्या मूर्तींची सवय जडलेल्या तत्कालीन समाजातील अनेकांना ते रुचले नाही. फोन्सेका पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढत राहिले आणि १९६७ साली निधन पावले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे आला. लॅरिक यांच्या लेखातील बालिकेने पुस्तकापुढे जो प्रश्न विचारला, तोच फोन्सेकांनी वेदीवरच्या चित्रापुढे विचारला होता, आणि त्याचे उत्तरही कुंचल्याने दिले होते.

आज गोव्यातील एखाद्या वर्गात घरी कोंकणी बोलणारे, मराठी बोलणारे आणि कर्नाटक, उत्तर प्रदेश वा झारखंडातून आलेल्या कामगारांचे मूल शेजारी शेजारी बसते. तिघांच्या घरच्या गोष्टी वेगळ्या भाषांत आहेत आणि शाळेचे पुस्तक एकाच भाषेत आहे. अशा मुलांची कुटुंबे एका चित्रासमोर आली, तर कोणत्याही भाषेला आधी प्रवेश आणि कोणाला नंतर, असा क्रम लावावा लागत नाही. त्यासाठी मोठा खर्चही नाही. एका भेटीत दोन-तीनच चित्रे निवडावीत, बसायला चटई असावी, नामफलक वाचण्याआधी मुलाला बोलू द्यावे, सोबत आलेल्या वडीलधाऱ्यांना प्रथम सांगू द्यावे आणि त्या चित्राशी नाते सांगणारे एखादे पुस्तक निघताना हाती ठेवावे. ग्रंथालयाकडे पुस्तके आहेत, दालनांकडे भिंती आहेत आणि घरांकडे गोष्टी आहेत. त्यांच्या वेळा जुळवणे एवढेच काम उरते.

त्या कामाला उशीर लावता येत नाही, कारण पुस्तके पुन्हा छापता येतात आणि चित्रे जतन करता येतात, पण आजीची गोष्ट आजीबरोबर जाते. ती ऐकणारे मूलही पाच-सहा वर्षांचे फार काळ राहत नाही.